न उघडलेलं झाकण

१२ जानेवारी

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम वि. वि.

चिमणीला पाठवलेला झगा मापात बसला. अंगातून काढायला तयार नाही, त्यामुळे तुझी वहिनी दोन दिवस तो धुवायला मिळायची वाट बघतेय.

कामावर मात्र वाईट घडलं. आम्ही ज्या दवाखान्याच्या लिफ्ट सांभाळतो, तिथली मालाची लिफ्ट दार उघडं असतानाच खाली सरकली. धुलाईखान्यातली इस्त्रीवाली बाई बाहेर पाऊल टाकत होती. तिचा गुडघा चेचला. जिवावरचं पायावर निभावलं असं लोक म्हणतात. मला ते ऐकवत नाही. माझ्या कामावरच्या जोडीदाराला घरी बसवलंय. त्या सकाळी त्यानं लिफ्टला तेल दिलं होतं, तेच ब्रेकवर सांडलं असणार असा सगळ्यांचा तर्क.

आमच्यासाठी प्रार्थना कर. विशेषतः माझ्यासाठी.

लोभ आहेच, या दिवसांत थोडा जास्त असू दे.

तुझा,
धाकटा

१७ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद वि. वि.

त्या बाईसाठी रोज प्रार्थना करते. तुझ्यासाठीही करते, पण तुझ्या पत्रानं मला धडकी भरली. घरी बसवलंय जोडीदाराला, आणि विशेष प्रार्थना हवी तुला? त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यास, त्यात एकदाही ‘बिचारा’ नाही. लहानपणी कपाटाची काच फोडलीस तेव्हाही असाच गोल गोल बोलत होतास. आधी देवाला साकडं, मग मला, आणि बाबांना सगळ्यात शेवटी.

पोटात काय आहे ते लिही. कालपासून तीन कोट उसवून बसलेय, आणि सुई कापडापेक्षा बोटातच जास्त जातेय.

वहिनीला आशीर्वाद, चिमणीला आत्याचा पापा. उत्तराला उशीर करशील तर कान पिळायला यावं लागेल.

तुझी,
ताई

२२ जानेवारी

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम वि. वि.

ओळखलंस तू. दर महिन्याला ब्रेकचं झाकण उघडून आतले पट्टे किती झिजले ते मोजायचं असतं. ते काम माझं. अपघाताच्या आठवडाभर आधी मी झाकण उघडलंच नाही. चार स्क्रू, दहा मिनिटं. मला लवकर निघायचं होतं. मागच्या महिन्याचाच आकडा पुन्हा लिहिला आणि सही ठोकली. पट्टे पार झिजले होते. तेलाचा काही संबंध नाही.

चौकशीवाल्यांनी विचारलं तेव्हा जोडीदार माझ्याकडे बघत होता, मी त्याच्या बाजूनं बोलेन म्हणून. मी म्हणालो, नक्की सांगता येणार नाही. त्या रविवारी चर्चमध्ये तो नेहमीसारखा माझ्याशेजारी बसला आणि गाण्याचं पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं. मी नुसते ओठ हलवले.

सांगितलं तर परवाना जाईल, खटला होईल. दुसरं काम मला येत नाही. तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. मी देवापाशी रडून क्षमा मागितलीय. तेवढ्यावर भागणार नाही का, ताई? तू सांगशील तसं करीन.

माया पातळ करू नकोस.

तुझा,
धाकटा

२६ जानेवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद वि. वि.

तू क्षमा मागितलीस आणि देवानं ती दिलीही असेल. पण जोडीदार अजून घरीच बसलाय ना? बाबा म्हणायचे, ‘हो प्रभू’ म्हणायला जीभ पुरते, पुढचं सगळं पायांना करावं लागतं. मग चालायला लाग. आधी वहिनीला सांग. मग जोडीदाराच्या घरी जा. मग चौकशीवाल्यांकडे. आणि त्या बाईकडेही. तिनं दार लावून घेतलं तर तो तिचा हक्क.

बसल्या जागी उपदेश करायला काय जातं, असं तुला वाटेल. पण हे पत्र चौथ्यांदा लिहितेय, आधीची तीन फाडून टाकली.

आशीर्वाद आहेतच, पण ते पाठीशी घालायला नाहीत, पाठीशी उभे राहायला आहेत.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद वि. वि.

चोवीस दिवस झाले. पोस्टमन आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. मी सख्ख्या भावाला तुरुंगाच्या दारात ढकललं का? प्रार्थनेला बसते आणि नुसतं तुझं नाव घेऊन उठते. लिहिलं ते मागे घेणार नाही. पण दोन ओळी तरी पाठव रे.

वाट बघणारी,
ताई

२ मार्च

प्रिय ताईस,

सप्रेम सलाम वि. वि.

लिहायला धीर होत नव्हता. क्रम तुझाच ठेवला. तुझी वहिनी रडली नाही. खुंटीवरचा माझा कोट काढून हातात दिला आणि म्हणाली, आत्ताच जा. जोडीदारानं सगळं ऐकलं आणि दार लोटलं. चौकशीवाल्यांना लिहून दिलं. त्याला कामावर परत घेतलं, माझा परवाना गेला. आता एका गोदामात खोकी उचलतो.

मग बाईकडे गेलो. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा तिला दवाखान्यात जायचं असतं, पण घरात ती आणि मुलगी दोघीच; खाली उतरवणार कोण? व्यायाम बंदच पडला होता. मी कोण ते सांगितलं आणि तिला उतरवून न्यायची परवानगी मागितली. तिनं आतूनच चालता हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, खुर्ची उचलायला दोन माणसं लागतात.

दुसरा माणूस कुठून आणणार? तोंड नव्हतं, तरी जोडीदाराचंच दार वाजवलं. त्यानं बूट चढवले आणि माझ्यापुढे चालू लागला. आता तो पुढची बाजू धरतो, मी मागची. तीन आठवडे बाई माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. परवा मला पाच मिनिटं उशीर झाला, तर म्हणाली, जमणार नसेल तर आधी सांगत जा. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी अकराला कोर्टात उभं राहायचंय. वकील काही सांगत नाहीत. भीती वाटते, ताई, खोटं कशाला बोलू. आठ वाजता बाईला नेऊन मग तिथूनच जाईन. मला परत येता आलं नाही, तर मागची बाजू धरायला कोणीतरी बघशील? दुसऱ्या वळणावर ती घाबरून डोळे मिटते. तिथं काहीबाही बोलत राहावं लागतं.

आहे तसाच मला जवळ धर.

तुझा,
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद वि. वि.

शिवणयंत्रावर चादर टाकली, गिऱ्हाइकांना कोट पंधरा दिवसांनी मिळतील म्हणून सांगितलं. त्यांनी कुरकुर केली, करू दे. बुधवारी संध्याकाळी पोचते. भीती मलाही आहे. वाटेत ती माझ्या मांडीवरच बसलेली असेल.

गुरुवारी आठला मला तो जिना दाखव. कोर्टातून परत आलास, तर तिघं मिळून आळीपाळीनं धरू. नाही आलास, तर मागची बाजू माझी. आणि बोलत राहायचं म्हणालास, त्याची काळजी तू करू नकोस.

तुझी,
ताई