बटर फ्रूटची कोशिंबीर

मंगळवार, १३ नोव्हेंबर १९७३

स्थळ आणणारे मारोतराव आज पिशवीतून चार हिरवे दगड काढून टेबलावर ठेवून गेले. फळं आहेत म्हणे! बंगलोरला त्यांना 'बटर फ्रूट' म्हणतात, इंग्रजीत अव्होकाडो. मारोतरावांचा भाचा विश्वनाथ तिथे कारखान्यात सुपरवायझर आहे. तोच, जो रविवारी जयवंताला पाहायला येणार आहे. फळं त्यानेच पाठवली, आणि सोबत निरोप — "संत्र्याच्या फोडी, लिंबू अन् हे फळ, अशी कोशिंबीर आपल्याले फार आवडते. पोरीच्या हातची खाऊ."

मुलगी पाहायला येणाऱ्याने आधीच खाण्याचा बेत कळवावा, हे मी तरी पहिल्यांदा ऐकलं. बिजवर आहे. एकदा लग्न झालं की माणूस धीट होत असेल.

जयवंता, माझी नणंद, एकोणतीस वर्षांची घोडी, ती फळं ओच्यात घेऊन बसली होती. "वहिनी, रविवारपर्यंत पिकतीन ना हे?" मी म्हटलं, तांदळात पुरून ठेव. ठेवली, आणि डब्याला नमस्कार केला! खरंच केला, मी पाहिलं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

डॉक्टर येऊन गेले. सासूबाईंना श्रावणात लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून सगळं जयवंता करते. भरवणं, पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं, ओल्या चादरी धुणं. मी दारातून विचारते, "बरं आहे ना बाई?" आणि स्वयंपाकघरात जाते.

डॉक्टर म्हणाले, "हार्ट एकदम ठणठणीत. असं जपलं तर आणखी दहा वर्षं काही होत नाही त्यांना." ह्यांचा चेहरा फुलला. मला घाम फुटला.

डॉक्टर गेल्यावर हे म्हणाले, "जयवंती गेल्यावर मायचं तूच पाहशील ना वं?"

"पाहीन की." दुसरं काय म्हणणार!

मी करणार? ह्या बाईचं? पहिली मुलगी झाली म्हणून माझे डिंकाचे लाडू हिने कपाटात कुलूप लावून ठेवले होते. जाळीतून दिसायचे मला. माझी आई नातीला पाहायला आली तर तिला बाहेर ओट्यावरच चहा दिला, आत बस म्हटलं नाही. ओली बाळंतीण मी, खिडकीतून पाहत होते. आता हिचं हागणं-मुतणं मी काढू? नाही. नाही म्हणजे नाही!

गुरुवार, १५ नोव्हेंबर

जयवंता जायला नको. एवढंच मला पाहिजे. कोणाचं वाईट माझ्या मनात नाही.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

जयवंता औषधं आणायला सक्करदऱ्याला गेली. मी डब्यात हात घालून पाहिला तर एक फळ मऊ झालं होतं. काढलं. सडकं निघालं, फेकलं, असं सांगायचं ठरवलं.

कापलं तर आत ही एवढी कोय! गर पिवळट हिरवा, चमच्याने निघतो. काटोलहून काकांनी संत्र्यांची पाटी पाठवली आहे, त्यातलं एक घेतलं. फोडींची पांढरी सालं काढली, बिया काढल्या, गराचे तुकडे टाकले, वर लिंबू, मीठ, जराशी मिरपूड. बस. विस्तव नाही की काही नाही. तोंडात घातलं — आणि वाटी चाटली मी! ताज्या लोण्यात संत्र्याचा रस पिळावा तसं लागतं. त्या बिजवराला जीभ आहे म्हणायची.

अर्धं फळ उरलं. त्याची आपली नेहमीची कोशिंबीर करावी म्हणून मोहरी-हिंगाची फोडणी केली, तुकडे त्यात परतले, झाकण ठेवून वाफ आणली. तोंडात घातलं आणि मोरीत जाऊन थुंकले. कडूजहर! चूळ भरली, गूळ खाल्ला, तरी जिभेवरून जाईना.

मग मोरीशी उभी राहून हसले. एकटीच.

शनिवार, १७ नोव्हेंबर

मारोतराव उद्याची वेळ सांगून गेले. चहा पिता पिता आपल्या बहिणीचं, म्हणजे विश्वनाथच्या आईचं, पुराण लावलं. प्रयागबाई. पहिली सून वर्षाच्या आत गेली तेव्हापासून ती शकुनाला फार भिते म्हणे. "त्या पोरीनं घरात आल्यावर पहिल्यांदा दूध दिलं, ते नासकं निघालं. आमची बहीण अजून तेच घेऊन बसली आहे. हुंडा नाही पाहिजे, काही नाही पाहिजे. पोरीच्या हातचा पहिला घास गोड लागला की झालं."

म्हणून शिरा ठरला होता. गोड आधी, बाकी मागून.

मी जयवंताला म्हटलं, "अवं, त्यांनी हौसेनं पाठवलेली वस्तू आहे. तीच आधी ठेव समोर. मान राहतो त्यांचा." तिला पटलं. तिला माझं सगळंच पटतं.

आणि मग तिनेच विचारलं, मी फोडणीचं नावही काढलं नव्हतं! "वहिनी, फोडणी देऊ का कच्चीच ठेवू?"

"आपल्या घरी बिनफोडणीची कोशिंबीर कधी पाहिली का तू? चांगली परतून घे. झाकण ठेव. कच्चट वास गेला पाहिजे."

"हो वहिनी."

चाखून पाहील ही भीती नाही. पाहुण्याचं अन्न पाहुण्याच्या आधी जिभेला लावायचं नाही, चाखलं की उष्टं झालं — ही शिस्त सासूबाईंनी घरात घालून दिली. मीठसुद्धा आम्ही अंदाजाने टाकतो. सासूबाईंचे उपकार मला पहिल्यांदाच आठवले.

रविवार, १८ नोव्हेंबर

झालं.

सकाळपासून जयवंता स्वयंपाकघरात. मी दाराला टेकून पाहत होते. संत्र्याची फोड अन् फोड सोलली, एकीचीही पिशवी फुटू दिली नाही. तिन्ही फळं चिरली, सारखे तुकडे. काय हात आहे पोरीचा! मग कढई ठेवली. मोहरी तडतडली. तुकडे पडले. झाकण. खोटं कशाला लिहू? एकदा वाटलं, म्हणावं, उतरव ते. तेवढ्यात आतून सासूबाईंचा घोगरा आवाज आला. भांडं पाहिजे होतं. जयवंताने मला हाक मारली, "वहिनी, जरा तुम्ही द्या ना, माझे हात भरले आहेत." दिलं मी. पहिल्यांदा दिलं. वास डोक्यात गेला. परत आले तेव्हा मनात काही उरलं नव्हतं.

तिने वाढायला कल्हई गेलेलं पितळी पातेलं काढलं, ते मात्र मी परत ठेवायला लावलं. आंबट कळकतं त्यात. विष थोडंच द्यायचं होतं! काचेचा वाडगा दिला, माझ्या माहेरचा.

विश्वनाथ दिसायला साधा. कपाळ मोठं, बोलणं हळू. जयवंता वाडगा घेऊन आली तेव्हा तो उठून उभा राहिला! बाईमाणूस खोलीत आलं म्हणून पुरुष उभा राहिलेला मी ह्या घरात पाहिला नव्हता. जयवंता तर गोंधळून गेली. त्याने विचारलं, "सगळं तुम्हीच केलं?" ती म्हणाली, "हो." इतकं छान हसली की मला राग आला. आमच्या घरात आजवर तिने ते हसू काढलं नव्हतं.

पहिला घास प्रयागबाईंनी घेतला. तोंड वाकडं झालं. हातावर काढला.

"माय वं! कडूजहर!"

विश्वनाथने आपल्या वाटीतला घास तोंडात घातला, गिळला. दुसरा घेतला, तोही गिळला. मग हळूच विचारलं, "परतली होती का?" रागाने नाही. त्याला कळलं होतं, आणि तो तिला वाचवायला पाहत होता. "हे फळ विस्तवाला लागलं की कडू होते, माय. तिची काही चूक नाही, आपणच सांगायला पाहिजे होतं."

जयवंताने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं हो तिला, कच्चीच ठेव म्हणून. ऐकते कुठे! स्वतःचंच खरं करते."

ती मान खाली घालून वाट्या उचलायला लागली. विश्वनाथ म्हणाला, "माझी राहू द्या." आणि सगळी संपवली.

पण प्रयागबाई उठल्या होत्या. "पहिलाच घास, विश्वनाथ. पहिलाच." शिरा तसाच राहिला. संध्याकाळी आम्हीच खाल्ला. चांगला झाला होता.

सोमवार, १९ नोव्हेंबर

चादर पिळता पिळता जयवंताने विचारलं, "वहिनी, तुम्ही मले परतून घे म्हटलं होतं ना?"

"मी? मी काहून म्हणीन असं? कच्चीच ठेव म्हटलं होतं."

ती चादर हातात धरून उभी राहिली. पाणी तिच्या पायावर गळत होतं. "मग माझ्याच ध्यानातून गेलं असन," म्हणाली आणि चादर वाळत घातली.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

नकार आला. मारोतराव म्हणाले, पोराला पसंत होती, आईशी भांडला, दोन दिवस जेवला नाही. आईने डोकं आपटून घेतलं तेव्हा गप्प झाला. हे जयवंतावर ओरडले, "एक कोशिंबीर करता येत नाही तुले?" सासूबाई रडल्या. एकाच डोळ्यातून पाणी येतं आता त्यांच्या. चांगला हात लेकीच्या पाठीवरून फिरवत होत्या.

मला वाईट वाटलं. वाटलं, पण झोपही गाढ लागली.

रविवार, २ डिसेंबर

शेजारच्या यमुताई आल्या. त्यांच्या दिराच्या ओळखीत मौद्याला एक शाळामास्तर आहे म्हणे, जयवंतासाठी विचारू का? मी त्यांना बसवून कोशिंबिरीची सगळी गोष्ट सांगितली. पहिल्या घासाचीही. यमुताईंच्या पोटात काही राहत नाही, ते मला ठाऊक आहे. आठवडाभरात अर्ध्या हनुमाननगरात होईल. मास्तराचं नाव त्यांनी जाताना परत काढलं नाही.

मग गच्चीवर उन्हात बसून दोन संत्री खाल्ली. खाली जयवंता सासूबाईंना भरवत होती. हल्ली बोलत नाही फारशी. काम मात्र चोख.

शुक्रवार, ७ डिसेंबर

सासूबाई पहाटे झोपेतच गेल्या. जयवंता तोंड धुवायला पाणी घेऊन गेली तेव्हा कळलं.

हे म्हणाले, आता वर्षभर घरात लग्नकार्य नाही. आणि नंतर तरी तिला कोण विचारतं?

बायका जमल्या होत्या. सगळ्यांसमोर जयवंता माझ्या गळ्यात पडली. मिठी सुटेना. "वहिनी, आता मले तुमच्याबिगर कोण आहे? मी कुठीच नाही जात. तुमचं म्हातारपण मीच करीन."

माझ्यापेक्षा आठच वर्षांनी लहान आहे ती. तिचं म्हातारपण मग कोण करणार?