चाळीतले क्लोज-अप

९ ऑगस्ट
पोचले एकदाची चांदवडला! कांद्यावरच्या किडींची पुस्तिका निघणार आहे आणि तिचे सगळे फोटो मी काढणार. नाशिकमध्ये लग्नं आणि बारशी टिपून कंटाळले होते. हायवेपासून आत, सावळीरामकाकांच्या मळ्यात, कांदा साठवायच्या चाळीला लागूनच खोली मिळालीय. त्यांची बायको लंकामावशी मोठी प्रेमळ. आल्या आल्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि एवढ्या लांब एकटी आलीस म्हणून कौतुक केलं.

१० ऑगस्ट
आज माश्या. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरला, पुढे बटर पेपर लावला, म्हणजे उजेड मऊ पडतो. ताकद अगदी कमी ठेवली. जितकी कमी, तितकी लखलख क्षणाचीच, आणि उडत्या माशीचे पंखही जागच्या जागी थिजतात. पंखांच्या शिरासुद्धा उठून दिसतायत! मावशींना दाखवलं. माशी इतकी देखणी असते हे ठाऊकच नव्हतं, म्हणाल्या.

११ ऑगस्ट
चाळीतला सडका कांदा आज उपसला. खालच्या थरातून पिवळं, चिकट पाणी गळत होतं. वास घशात बसलाय, चहालाही तोच येतो. काकांनी माझ्यासाठी एक कांदा अंगठ्याने दाबून धरला. तो फचकन फुटला. आत अळ्यांचा लगदा वळवळत होता. फोटो मात्र नामी आले.

मग लॅपटॉपवर मोठे करून पाहिले. अळ्या कांद्यात होत्याच. पण काकांच्या अंगठ्यावरही, कातडीच्या बारीक छिद्रांतून, पांढरी टोकं वर आलेली. कांद्याचा चोथा चिकटला असेल.

१२ ऑगस्ट
चोथा नाही. काकांना साबणाने हात धुवायला लावून परत टिपला, फ्लॅश लागोपाठ मारत. पहिल्या फोटोत कातडी स्वच्छ. पुढच्यात टोकं. त्याच्या पुढच्यात टोकं लांबलेली, सगळी फ्लॅशकडे वळलेली. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, उजेड गेला की लगेच आत सरकतात. मोरीत जाऊन ओकले.

वाटलं, फोटो बघून मावशी किंचाळतील. त्यांनी पदराने स्क्रीन पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "होत्यात त्या. चाळीपाशी राहिलं का होत्यातच. पयल्यांदा घाण वाटतं, मंग नाय वाटत."

मी म्हटलं, दोघंही आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. त्या नुसत्या हसल्या. हसताना त्यांच्या दातांकडे बघवेना.

१३ ऑगस्ट
बॅग भरली. हायवेपर्यंत जाणारी जीप येईल, तिने निघायचं, पुढे नाशिकची गाडी. त्याआधी लागोपाठ फ्लॅश मारत स्वतःचे हात टिपले. स्वच्छ! तळवे, पावलं, तीही स्वच्छ. रडूच आलं. मावशींनी भाकरी बांधून दिली होती, ती उकिरड्यावर फेकली.

तेव्हा लक्षात आलं. आल्यापासून इथलंच खातेय. खालचा ओठ उलटा केला, कॅमेरा लावला—

हिरडी हलतेय. हिरडी नव्हे, त्या.

१३, दुपारी
जीप आली, हॉर्न वाजवून वाजवून गेली. अशा तोंडाने घरी कशी जाऊ? गेल्या गेल्या आई मुका घेते—

डॉक्टरांना सांगता यावं म्हणून लिहितेय. फ्लॅश मारत राहिलं की त्या आत जात नाहीत. तेवढ्यात चिमट्यात सापडतात. फ्लॅश आपोआप पडत राहील असा लावलाय. डाव्या हातात चिमटा, समोर आरसा.

सुटली. परत—

मावशी दारात. रडतायत. "वढू नको गं, छाया. त्या लय नाय, ती एकच हाय."

धरली. येतेय. ऊन ऊन, बुळबुळीत. बोटभर आली. अजून— जाड होत चाललीय. उजव्या डोळ्यामागून काहीतरी तिच्याबरोबर