रिकामी फळी

३ मार्च
आज रुजू झाले. अग्निशमन केंद्र म्हणजे एक लाल बंब, होजपाइपांची वेटोळी आणि एक डगमगतं बाकडं. प्रमुख सुतारकाका. सुताराचंच बाकडं डगमगायचं, असं तेच हसत म्हणाले. इथं सगळे आपापला धंदा सांभाळून आग विझवतात. बंब दूधवाला चालवतो. आत शिरण्यात पुढे असतो तो पोस्टमन, सगळ्यांचा लांब्या. दारातून येताना त्याचं डोकं दर वेळी चौकटीला आपटतं. ठक्क! दूधवाला म्हणाला, ताई, दचकू नका, आमच्याकडे बेल नाही, हाच आहे.

५ मार्च
फोन आणि भोंग्याबरोबर खिळे ठोकलेली फळीही माझ्याकडे आली. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला. आत जाताना ज्याचा त्यानं फळीवर अडकवायचा, बाहेर आल्यावर ज्याचा त्यानंच काढायचा. मी नुसतं बघायचं. फळी रिकामी झाली की मगच काका जळतं छप्पर ओढून पाडायला सांगतात. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, सख्ख्या बापाचा असला तरी, असं त्यांनी बजावलं.

लांब्याची बायको डबा घेऊन आली. मी तिला वहिनी म्हणते. म्हणाली, एकटी आहेस, स्वयंपाकाच्या फंदात पडू नकोस. काही पेटलं तर आमचेच हे धावतील. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्या जेवणाची काळजी केली.

११ मार्च
दुपारी बाजारातल्या गोदामाला आग लागली. म्हातारा राखणदार आत अडकला होता. लांब्या बिल्ला अडकवून शिरला. थोड्या वेळानं धुरातून त्याचा कोट आणि मुखवटा घातलेला माणूस आला आणि माझ्यापुढेच कोसळला. हात लटलट कापत होते. मला फार दया आली. मीच बिल्ला काढला.

काकांनी फळीकडे पाहिलं आणि दोर ओढायला लावले. छप्पर कोसळलं.

मुखवटा काढला तर आत राखणदार. लांब्यानं आपला कोट त्याला दिला होता.

बिल्ला अजून माझ्या मुठीत आहे.

१२ मार्च
काकांनी विचारलं, लांब्यानं बिल्ला स्वतः काढला ना? मी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनीच जुळवून टाकलं: म्हाताऱ्याला कोट देऊन बाहेर आणलं, बिल्ला काढला आणि कुणाला न सांगता पोरगा पुन्हा आत गेला. राखणदार अजून बेशुद्ध आहे. तो शुद्धीवर येऊ नये असं क्षणभर वाटलं. मी अशी नव्हते.

१५ मार्च
बाजारात कुजबुज आहे. परत आत कशाला गेला? मालावर हात मारायला, दुसरं काय. पोस्टमनला कुणाच्या घरात काय आहे ते ठाऊकच असतं म्हणे.

वहिनी आली होती. एवढंच म्हणाली, तू तिथेच होतीस ना गं? मी चहाचा कप पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

राखणदाराला कोट लांब होत होता. गुडघ्याखाली लोंबत होता. लांब्याला तो मांडीपर्यंतच यायचा. मी पाहिलं होतं.

१७ मार्च
भर सकाळी दारात ठक्क. दूधवाला जोडत असलेला पाइप तसाच धरून उभा राहिला. दारात कुणी नव्हतं. तो रडू लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कुठल्या तोंडानं —

१९ मार्च
बिल्ला माझ्या कपाटात कुलपात होता. आज फळीवर लटकतोय. काढायला गेले तर बोटं भाजली.

२० मार्च
आता माझ्या खोलीच्या चौकटीला. ठक्क. जळक्या कापडाचा वास. मी म्हटलं, सांगते रे, सांगते. नाही सांगितलं.

२२ मार्च
आज गोदामाच्या उरलेल्या भिंती ओढून पाडणार. काकांनी फळी बाहेर टांगली आहे, दोर बांधताहेत. मी स्वतःचा बिल्ला अडकवून मागच्या दारानं आत आले. लांब्या जिथं सापडला तिथं त्याचा बिल्ला ठेवला. इथेच बसून लिहिते, म्हणजे माघार घेता येणार नाही. बाहेर गेले की वही काकांच्या हातात देणार.

लांब्या बाहेर आलाच नव्हता. बिल्ला मी काढला. तो चोर नाही. वहिनी, तो —

ठक्क.

भिंतीच्या भगदाडातून फळी दिसते. तिच्यापुढे कुणीतरी उंच उभं आहे. अंगात कोट नाही. हात लटलट कापतोय. किती हळुवारपणे माझा बिल्ला —

ओरडते आहे, आवाज फुटत नाही —

काका म्हणताहेत, फळी रिकामी झाली रे, ओढा —