आपलं डबकं परत आलं, त्याची हकिगत

प्रिय अर्लीनताई,

धाकट्या वेंडेलचा नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे सुखात असतील. माझे इथे विस्कॉन्सिनच्या ओलीत दिवसभर कुरकुरतात आणि ऐकायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुला कळवतो.

तळघरातल्या पाण्याचं काय झालं, असं तू विचारलंस. (ओल्या तळघराच्या घराला गिऱ्हाईक मिळत नाही, हे तू दर नाताळात ऐकवतेसच.) तर मार्चमध्ये नगरपालिकेने वाचनालयात वर्ग भरवला. कॉफी आणि डोनट फुकट होते, म्हणून गेलो. पालिकेची ब्रिटा नावाची पोरगी सांगत होती की छपराचं पाणी गटारात सोडू नका, अंगणात सखल जागी खड्डा करा, खोल मुळांची रानफुलं लावा, पाणी तिथेच मुरू द्या. मी थक्क झालो. ताई, अगं, हे तर आपलं डबकं! डास होतात म्हणून याच पालिकेने बाबांना ते बुजवायला लावलं होतं. बाबा गाड्या भरभरून माती ओतत होते आणि तू पायरीवर बसून रडत होतीस. जागा गेल्यावर पाणी बिचारं कुठे जाणार? पुढच्या वसंतात ते तळघरात उतरलं. हे सगळं मी ब्रिटाला तावातावाने ऐकवलं. ती म्हणाली, "काका, तेव्हा माझी आईसुद्धा परकरात होती, मला कशाला झापता? फावडं आहे ना घरी?"

फावडं होतं, बाबांचंच. खणलं, फुलं लावली, आणि मोतीबिंदू काढायला इस्पितळात गेलो. शेजारच्या गॉर्डीने (परोपकाराची संधी तो कधी सोडत नाही) माझ्यामागे सगळी बाग गवतासकट कापून टाकली, वर माझ्या जेवणासाठी दाराशी गरम कॅसरोल ठेवलं. "तण फारच माजलं होतं रे," म्हणाला. ज्याचं खाल्लं त्याला शिव्या कशा द्यायच्या? नशिबाने मुळं शाबूत होती, सगळं पुन्हा फुटलं.

मग जूनमध्ये पाऊस धो धो कोसळला. पाणी दोन दिवसांत मुरायला हवं होतं, पण आपली माती चिकण, ते आठवडाभर हटेना. ब्रिटा बघायला आली. "काका, ही बाग नाही, हे तळं आहे," म्हणाली आणि बागेत लावलेली पालिकेची कौतुकाची पाटी उपटून घेऊन गेली. जाऊ दे. मी पायरीवर बसून राहिलो. पाण्यात ढग दिसत होते. तू आईचं पाई भाजायचं ताट डबक्यात होडी म्हणून सोडायचीस आणि मला हात लावू द्यायची नाहीस, ते आठवलं. आई खिडकीतून ओरडायची. फार आठवण आली गं सगळ्यांची. तळघर मात्र ठणठणीत कोरडं आहे.

तुझाच,
वेंडेल

ता.क. तळघर कोरडं म्हटल्यावर दलालबाई शनिवारी गिऱ्हाईक आणते म्हणाली. गिऱ्हाईक पळावं म्हणून मी शुक्रवारी तिथे दोन बादल्या पाणी ओतलं. सकाळपर्यंत सगळं वाळलं. मेलं डबक्याचं काम इतकं चोख झालंय की मीच अडकलो. घर दोघांचं आहे, तू विक म्हणालीस तर मी सही करीन. पण आधी एकदा ये. बेडूक आलेत.

ता.क. तुझे लहानपणचे लाल गमबूट तळघरात खिळ्याला आहेत, ते काही आता तुला व्हायचे नाहीत. तुझ्या मापाचे नवे आणून ठेवलेत. लालच मिळाले.