बटण दुसऱ्यानं दाबायचं

प्रिय आत्या,

पत्र बघून तुला वाटेल, हिचा फोन बिघडला की डोकं. दोन्ही शाबूत आहेत. पण फोनवर तू काही सापडत नाहीस. म्हणजे उचलतेस, 'जेवलीस का' विचारतेस, आणि मी तोंड उघडायच्या आत 'हातात तार आहे गं, घे, आईशी बोल' म्हणून फोन आईच्या हवाली करतेस. वर्ष होत आलं, तुझ्या हातातली तार काही संपत नाही. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. ते मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, कारण चष्मा तू घरी विसरतेस आणि विसरले असं मान्य करत नाहीस.

आधी खुशाली. मी मजेत आहे, अगदी खरंखुरं मजेत. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे आणि ऊन थेट टेबलावर येतं. खोलीतली दुसरी मुलगी किड्यांवर अभ्यास करते. तिच्या बरण्या खिडकीत, माझी पुस्तकं कपाटात, आणि आमच्यात एकच करार आहे: तिनं झाकणं घट्ट लावायची आणि मी तिच्या टेबललॅम्पची दुरुस्ती फुकट करायची. जेवण बरं असतं. दोन कुडते घट्ट झालेत, हे आईला सांगितलंस तर ती पेढे वाटेल, म्हणून हळूच सांग.

आमची प्रयोगशाळा तळमजल्याच्याही खाली आहे. भिंतीवरून नळ्या गेल्यात आणि कोपऱ्यात हवा ओढून घेणारे पंप दिवसभर घुमत असतात. पहिल्या दिवशी सगळे मला यंत्रं दाखवत होते आणि माझा कान एका पंपाकडेच. न राहवून म्हटलं, त्याचं बेअरिंग कोरडं पडलंय, आठवड्याभरात अडकेल. कुणी मनावर घेतलं नाही. आठवडा संपायच्या आत तो अडकला. तेव्हापासून इथं माझं नाव 'फिटर' पडलंय. पदवीदान समारंभात गाऊन घालून मिळालेलं 'इंजिनिअर' कुणी म्हणत नाही. 'फिटर कुठंय? फिटरला बोलवा.' मला आवडतं. आपल्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात मोठी झाल्याची ती पावती आहे.

पण फार फुशारकी नको, कारण पुढच्याच महिन्यात मी असा पराक्रम केला की तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. इथं माझ्याहून दोन वर्षं पुढं असलेला एक जण आहे. त्यानं एका बारीकशा धातूच्या पट्टीला दोन तारा जोडून त्या मोजमापाच्या पडद्याला लावल्या होत्या आणि तो चहाला गेला होता. पडद्यावर सरळ रेषेऐवजी नुसती थरथर. वाऱ्यावर गवत हलावं तशी. मला वाटलं, बिचाऱ्याची जोडणी सैल असणार. आपल्या दुकानात आवाज आला की तो शोधायचा आणि बंद करायचा, हेच मी लहानपणापासून शिकले. तू मोटरला स्क्रूड्रायव्हर टेकवून मूठ कानाशी लावायचीस आणि म्हणायचीस, 'ही रडतेय कुठंतरी.' तर मी कामाला लागले. तारा आवळल्या, पेटीला अर्थिंग दिलं, दोन टोकांत एक कपॅसिटर बसवला. थरथर गेली. रेषा अशी सरळ झाली की फूटपट्टीनं ओढावी. मी हात पुसत उभी, तो आला की शाबासकी घ्यायला.

तो आला आणि मटकन खालीच बसला. मग आमच्या मार्गदर्शक आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या आहेत. त्यांनी पडदा पाहिला, माझा कपॅसिटर पाहिला, आणि शांतपणे म्हणाल्या, 'काम फार सुबक केलंयस. फक्त आम्ही जे ऐकायला बसलो होतो, तेच तू गप्प केलंस.'

आत्या, ती थरथर बिघाड नव्हती. तोच प्रयोग होता. तांब्याची तार कुठंही न जोडता, नुसती टेबलावर ठेवली ना, तरी तिच्या आत वीज स्वस्थ बसत नाही. अगदी बारीक, सारखी इकडेतिकडे हलत असते. तार जितकी ऊबदार, तितकी जास्त. गार केली की कमी होते, पण थांबत नाही. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला काय आठवलं असेल? आपल्या दुकानातली फळी. तारेची रिळं ओळीनं मांडलेली, तू रोज फडकं मारतेस ती. त्या सगळ्या तारा आपल्या पाठीमागं गुपचूप थरथरत होत्या आणि आपल्याला पत्ताच नव्हता! त्या दिवशी सगळे माझ्यावर हसले आणि मी पण हसले, पण खोलीवर जाताना रस्त्यात थांबून मी विजेच्या खांबावरच्या तारांकडे बघत राहिले. वाटेनं जाणाऱ्या एक आजी विचारून गेल्या, पतंग अडकलाय का.

तुला आठवतं, मी केवढीशी होते, तू मोटरच्या स्टेटरच्या खाचांत कागद सरकवत होतीस आणि मी विचारलं, तारेतून जाते ती वीज असते तरी कोण? तू हात न थांबवता म्हणालीस, 'ती कामाला येते, काम करते, जाते. घरदार कधी तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.' बाबा मोटरी टेम्पोतून उतरवत होते, ते हसले. म्हणाले, 'मोठी झालीस की तूच विचार तिला.' घरातलं कुणी तोवर शाळेच्या पुढं गेलं नव्हतं. मला खरंच वाटलं, कॉलेजात गेलं की ते विचारता येतं. इंजिनिअरिंगला गेले ती त्याचसाठी. तिथं खूप शिकले, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. वीज किती, कुठून, कशी वळवायची, कशी आवरायची, सगळं. पण ती कोण, हे विचारलं की सर म्हणायचे, 'परीक्षेला येत नाही.' दोनदा विचारल्यावर म्हणाले, 'हे भौतिकशास्त्रवाल्यांचे लाड आहेत.' तेव्हा पहिल्यांदा कळलं की असे लाड करणारी माणसं जगात कुठंतरी आहेत.

आता स्वयंपाकघरातलं ते जेवण. त्याबद्दल आपण बोललोच नाही. ट्रान्सफॉर्मर कंपनीची नोकरी मिळालेली होती, तुझ्या मनात तर त्याच्याही पुढचं होतं. दोन वर्षं अनुभव घ्यायचा आणि मग दुकानात येऊन मोठं काम सुरू करायचं. आणि मी भर जेवणात म्हटलं, मी नोकरी घेत नाही, पुढं शिकायला जातेय, आणि तेही विषय बदलून, भौतिकशास्त्राला. आईनं पहिलं विचारलं, लांब आहे का. बाबांनी विचारलं, किती वर्षं. तू मात्र ताट उचललंस, घासलंस, आणि हात पुसता पुसता म्हणालीस, 'पाटीवरचा रंग अजून ओला आहे.' मला तेव्हा कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर वार्निशच्या डब्यांमागं पाटी उभी, भिंतीकडं तोंड करून. मी ती वळवून बघितली. दुकानाच्या नावाखाली तुझं नाव आणि तुझ्या शेजारी माझं, पुढं 'इंजिनिअर'. तुझं नाव इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाटीवर येत होतं, आत्या. ते माझ्या नावासोबत यावं म्हणून थांबली होतीस, हे आईनं मला नंतर सांगितलं.

तुला वाटलं असणार, शिकली आणि दुकान हिला लहान झालं. शेजारचे शिंपीकाका तर तोंडावरच म्हणाले, आपल्यासारख्यांच्या घरात पहिल्या शिकणाऱ्यानं पोटाचं बघावं, असले प्रश्न नातवंडांनी विचारावेत. ते वाईट माणूस नाहीत, काळजीनंच बोलले. पण मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. प्रश्न काय वडिलोपार्जित जमीन आहे, की तीन पिढ्यांचा कब्जा असल्याशिवाय कसता येऊ नये? मला तर तो प्रश्न आपल्याच दुकानात पडला, तुझ्या पायाशी, तारेचे तुकडे वेचताना. दुसऱ्या कुणाकडून उसना आणलेला नाही.

इथं सोपं गेलं असं मात्र समजू नकोस. पहिलं सत्र माझ्याहून लहान मुलांसोबत बसले. त्यांनी जे तीन वर्षांत शिकलेलं, ते मला त्यांच्या मागं पळत शिकायचं होतं. एका पेपरात इतके कमी गुण पडले की बाईंनी बोलावून विचारलं, परत जायचंय का. मी नाही म्हटलं. त्यांनी विचारलं, इतकी खात्री कशी? खात्री नव्हतीच. मला फक्त आपला स्टुलावरचा खेळ आठवला.

खेळ कसला, तो तुझा कायदा होता. जिनं मोटरमध्ये तार भरली तिनं पहिलं बटण दाबायचं नाही. दुसऱ्यानं यायचं, एकेक जोड डोळ्यांखालून घालायचा, आणि मगच दाबायचं. गिऱ्हाईक घाई करायचं, तुम्हीच भरली ना, दाबा की. तू म्हणायचीस, 'आपला तो बाब्या. माझी चूक मला बाब्यासारखी गोरीगोमटी दिसणार.' म्हणून मी स्टुलावर उभी राहून बघायचे आणि दाबायचे. त्यात एकदा मी दाबलं नाही. आठवतं? एक जोड मला विचित्र वाटला. गिऱ्हाईक ताटकळलेलं, बाबा खुणा करतायत, आणि मी हात मागं घेऊन उभी. तू सगळं उघडून बघितलंस. जोड बरोबरच होता. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तू झाकण लावत एवढंच म्हणालीस, 'शंका आली तर थांबायचं. बरोबर निघाली की चूक, ते नंतर.' कॉलेजच्या शेवटच्या वर्षभर मी तशीच उभी होते, आत्या. नोकरीचं बटण समोर होतं, सगळे खुणा करत होते, आणि माझा हात पुढं होत नव्हता. मी दुकान सोडून पळाले नाही. तुझाच कायदा पाळला. हे तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं, पण तू भांडी जोरात घासत होतीस आणि मला तुझ्या पाठीशी बोलायची सवय नाही.

पाटीचं तू ठरव. पण माझ्यापुढचं 'इंजिनिअर' पुसू नकोस. ते मी आहेच, दुसरं काही व्हायला अजून वेळ आहे. आणि पाटी माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. तुझं नाव भिंतीला दाखवायला लिहिलेलं नाही.

आता पत्राचं खरं काम. माझा स्वतःचा प्रयोग तयार झालाय. पेटी, आत पट्टी, भोवती कॉइल. तयार कॉइल मिळत होती, पण ती मी हातानं भरली, तू भरतेस तशीच, वेढ्याला वेढा लावून, मध्ये बोट फिरवत. सगळं जोडून झालं. पंप चालू, पट्टी गार. मुख्य बटण तेवढं दाबायचं राहिलंय. जोडणी झाली त्या दिवसापासून सगळे विचारतात, फिटर, सुरू का करत नाहीस. मी बाईंना तुझा कायदा सांगितला. त्या म्हणाल्या, मग मी दाबू? मी नाही म्हटलं, दाबणारी यायची आहे. बाबांशी बोलून ठेवलंय, दोन दिवस दुकान ते सांभाळतील. चपला दाराबाहेर काढाव्या लागतील, आणि स्टूल आहे, पण ते तुला लागणार नाही. चष्मा मात्र आण. ये, एकेक जोड बघ, माझा बाब्या मला गोराच दिसणार. सगळं पटलं तर दाब. आणि आत्या, शंका आली तर हात मागं घे, खुशाल घे. कुणी खुणा करणार नाही. मी थांबेन.

तुझीच,
तुझ्या दुकानातली फिटर