इकडे ढग आहेत

२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

इथे डोंगरमाथ्यावर हवा विरळ, त्यामुळे ऊन जवळजवळ अवकाशातल्यासारखं कडक. दुर्बिणीच्या घुमटामागे अवकाशयानाची सोलर पॅनेलं मांडून ती किती वीज देतात ते भर दुपारी मोजतो. ढगाचा तुकडा आला की दिवस पाण्यात. दुर्बीणवाले रात्रभर जागून दुपारी झोपतात आणि आमच्या ठोकाठोकीला शिव्या घालतात. माझं नाक उन्हाने सोलून निघालंय. आईला सांगू नका, मलमाचं पार्सल येईल. टपाल सामानाच्या गाडीनेच वर येतं, तरी लिहीत राहा.

लोभ असू द्या.
तुमची ठकू

११ मार्च

चि. ठकूस अ. आ.

आम्ही मजेत. आई शेजारीच आहे, नेहमीसारखं पत्र वाचल्याशिवाय पाकीट बंद करू देणार नाही. इकडे ढग दाटलेत. लवकर निवळतीलसं वाटत नाही. जमेल तितक्या लवकर येऊन जा.

बाबा

१९ मार्च

ती. बाबांस सा. न.

ढग वाचून हसू आवरेना. आई रुसली की आपण दोघं असं म्हणतो, हे इतक्या वर्षांत तिला कळू दिलं नाहीत, धन्य तुमची. या वेळी काय केलंत? तिच्या कुंड्या हलवल्यात? इथलं आकाश मात्र स्वच्छ आहे, पॅनेलं छान चाललीत. आता निघाले तर सगळी मेहनत वाया जाईल. मोजणी संपली की थेट घरी. तोवर करा मनधरणी.

ठकू

२ एप्रिल

चि. ठकूस अ. आ.

काल सकाळी आई गेली. तार आणि हे पत्र एकाच गाडीने वर येतील.

तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, तिला कळू देऊ नका. माझं प्रत्येक पत्र ती वाचणार, म्हणून मला तोच शब्द सुचला. तुला रुसवा वाटला, त्यात तुझं काय चुकलं? आपल्या घरात त्याला दुसरा अर्थ नव्हताच.

तुझं पत्र तिनेच आधी फोडलं. वाचून खूप हसली. मग म्हणाली, "मला सगळं ठाऊक आहे. पण मी रुसलेय असंच वाटू दे तिला. काम पुरं करून येईल." मी लगेच तुला लिहायला बसलो, तर तिने पेन काढून घेतलं. जन्मभर मी तिचं कधी ऐकलं नाही, पोरी, आणि नेमकं तेव्हा ऐकलं.

तुझ्या बाबांवरचा लोभ कमी करू नकोस.
बाबा