काचेच्या कपाटातला चेंडू

रविवार, संध्याकाळ

झालं एकदाचं! आमच्या गोल्फ क्लबात जुनी प्रथा आहे. नव्या सभासदाने पहिला फटका सगळ्यांसमोर मारायचा, मग तो चेंडू शोधून आणून काचेच्या कपाटात नावानिशी ठेवायचा. आज माझी पाळी. व्हरांड्यात सगळी ज्येष्ठ मंडळी चहाचे कप घेऊन उभी. आमच्या ह्यांनी तर मोबाइल आधीच रोखलेला! जीव खाऊन स्टिक फिरवली. चेंडू जागच्या जागी. कोणी हसेना, तेच जास्त लागलं. आता पुन्हा मारायला सांगतात की काय?

अध्यक्ष सबनीसकाका पायऱ्या उतरून आले, वाकून चेंडू उचलला आणि म्हणाले, "वा! शोधायला जावं लागलं नाही. माझा झाडीत गेलाय, तो अजून यायचाय."

मग मात्र सगळे हसले. मीही.

निघताना पुन्हा त्या कपाटाशी थांबले. काकांच्या नावापुढे खरंच रिकामी जागा. बाकीच्यांच्या चेंडूंवर चिखल, ओरखडे. माझा तेवढा नवाकोरा. कर्वेनगरला घरी येईपर्यंत ह्यांना व्हिडिओ पुसायला लावला. आता उरलं ते कपाट. ते बघून नव्या माणसाला वाटेल, काय अलगद मारलाय बाईंनी!